वाळूच्या टेकडीवरची काळी अळी: फवारायचं की थांबायचं? (एक प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

हे गाव सिंधुदुर्गातलं, वेंगुर्ले ते मालवण या पट्ट्यातलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये आणि माणसांची तर नाहीच, कारण गाव छोटं आहे आणि कोण काय बोललं हे लगेच ओळखू येईल. मी यात होतो तो गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला नोंदींच्या कामात मदत करणारा म्हणून. अशीच वेळ किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुठल्या गावावर आली तर त्यांना हे वाचून थोडा आधार व्हावा एवढ्यासाठी सविस्तर लिहितोय.

समोर पुळण, पुळणीमागे वाळूच्या टेकड्या, त्यामागे माड आणि घरं, आणि घरांच्या मागे भाताचे मळे अशी गावाची रचना. टेकड्या म्हणजे काही मोठा डोंगर नाही, दोन पुरुष उंचीच्या असतील, पण गावाचं पाणी त्यांच्यावरच आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते खाऱ्याच्या वर राहतं, म्हणून समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही टेकडीमागच्या विहिरींना गोडं पाणी लागतं आणि तेही अगदी वरच. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली म्हणून आधीच सांगून ठेवतो. शिवाय सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांवर नियंत्रण ठेवणाऱ्या नियमांच्या, २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचनांमध्ये वाळूच्या टेकड्या सगळ्यात संवेदनशील वर्गात, म्हणजे खारफुटी आणि कासवांच्या विणीच्या जागांच्या बरोबरीने धरल्यात. गावात किती जणांना हे माहीत होतं तो भाग वेगळा.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा पुळणीवरची सुरूची झाडं धडाधड पडली आणि टेकडीचा समोरचा भाग लाटांनी कापून नेला. सुरू मुळात आपल्याकडचं झाड नाही, बाहेरून आणून लावलेलं, आणि त्याच्या काड्यांच्या थराखाली दुसरं काही फारसं उगवत पण नाही. त्यामुळे परत सुरूच लावायची का, यावर गावात बरीच चर्चा झाली, आणि शेवटी बचत गटाच्या बायका आणि जैवविविधता समिती यांनी मिळून २०२२ च्या पावसाळ्यात स्थानिक झाडं लावायची ठरवली. समुद्राच्या बाजूला मर्यादवेल, मागे केवडा, आणि गाड्या लावायच्या जागेपासून पुळणीवर उतरणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना नागदवणीच्या सरळ ओळी. नागदवणी म्हणजे ती मोठ्या जाड पानांची पांढरी लिली, क्रिनम. ती निवडली त्याला कारणं होती. एक तर ती किनाऱ्यावरचीच, तिची बोंडं समुद्राच्या पाण्यावर तरंगत जाऊन लांबच्या पुळणीवर रुजतात. दुसरं, गुरं-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. आणि तिसरं म्हणजे गड्डे फुकट, प्रत्येकाच्या परसात होतेच. समुद्राच्या बाजूला जुन्या रानटी नागदवणीचे काही झुडुपे वादळातूनही वाचले होते, ते तसेच ठेवले.

पहिलं वर्ष छान गेलं. लिली रुजली, फुलली, पर्यटक फोटो काढायला लागले, बायकांना पण अभिमान वाटायला लागला.

प्रश्न कसा उभा राहिला

२०२३ चा ऑगस्ट आठवत असेल, पाऊस दडी मारून बसला होता. देशभरातच तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा होता. मळ्यातलं भात पोटरीला यायच्या बेतात, पाणी कमी, सगळे आधीच काळजीत. अशात महिन्याच्या शेवटी बचत गटाच्या अध्यक्ष काकींना वाटेवरच्या नागदवणीच्या पानांवर पांढुरके पट्टे दिसले. पानाच्या आतला हिरवा गर गायब आणि दोन्ही बाजूंची पातळ साल तेवढी शिल्लक, उन्हाकडे धरलं की आरपार दिसायचं. काकींना आधी वाटलं उन्हाने करपलं. आठ-दहा दिवसांत त्याच पानांतून अळ्या बाहेर पडल्या, काळ्याभोर, अंगावर पांढरट-पिवळट ठिपक्यांच्या ओळी, डोकं नारिंगी-तपकिरी. एकेका पानावर घोसाने बसलेल्या. पानं बुडापासून पोखरून आडवी व्हायला लागली आणि काही गड्ड्यांना कुजका वास यायला लागला.

कोणीतरी फोटो काढून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली एकाने लिहिलं "लष्करी अळी", आणि तिथून पुढे जे व्हायचं ते झालं. लष्करी अळी हा शब्द कोकणातल्या भातवाल्याला घाबरवायला पुरेसा आहे, कारण भातावरची लष्करी अळी ऐन कापणीच्या तोंडावर लोंब्या कुरतडून टाकते हे सगळ्यांनी कधी ना कधी बघितलेलं. त्यात २०१८ साली कर्नाटकात मक्यावर पहिल्यांदा सापडलेल्या अमेरिकन लष्करी अळीच्या बातम्या लोकांच्या डोक्यात होत्या. गणपती १९ सप्टेंबरला, चाकरमानी यायला जेमतेम दोन आठवडे, आणि पुळणीच्या वाटेवर सगळी लिली झोपलेली.

त्याच संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात लोक जमले. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारी करणाऱ्यांच्या, संघातले एक तात्या आहेत, मळाही कसतात, ते तावातावाने म्हणाले, "आज लिलीर असा, उद्या भातार येतली. मगे कोणाक विचारतलात? पंप घराक असा, औषध असा, अर्ध्या तासाचा काम." त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. ज्याचं वर्षाचं भात उभं आहे त्याने घाबरू नये तर कोणी घाबरावं?

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय तात्यांचाच, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मारायचं, सगळ्या टेकडीवर, एकदाच. स्वस्त, लगेच होणारं, आणि "आपण काहीतरी केलं" याचं समाधान देणारं. याच्या विरोधात पहिल्यांदा बोलल्या त्या काकीच, आणि त्या जैवविविधतेवर वगैरे काही बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "वाळयेत मारतलास ता जातला खंय? आणि पाणी खंयच्या बावडेचा पितलास मगे?" सभामंडपात एकदम शांतता झाली, कारण टेकडीच्या पायथ्याची बावडी म्हणजे निम्म्या वाडीचं पिण्याचं पाणी. वाळू चिखलमातीसारखी काही धरून ठेवत नाही, पाणी सरळ खाली जातं आणि त्याच्याबरोबर जे असेल ते पण.

दुसरा पर्याय, सगळे गड्डे उपटून जाळायचे. हा एका होमस्टेवाल्यांचा, त्यांना गणपतीआधी वाट स्वच्छ हवी होती. पण गड्डे उपटले म्हणजे वाळू परत मोकळी, आणि वर्षभराची मेहनत गेली ती गेलीच.

तिसरा, लिंबोळी अर्क किंवा बीटी. पाच टक्क्यांचा अर्क म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो लिंबोळीचा गर, तेवढा त्या घडीला गावात नव्हता. बीटीचं म्हणाल तर ते अळीच्या पोटात जाऊन काम करणारे जिवाणू, माणसाला आणि विहिरीला त्रास नाही, म्हणून बऱ्याच जणांना ते पटलं होतं. पण कोणत्या फुलपाखरा-पतंगाची अळी आहे हे बीटी बघत नाही, पानावर आहे ते जिने खाल्लं ती मेली. आणि मर्यादवेलीवर तर दुसऱ्याच अळ्या होत्या, त्यांच्याकडे मी पुढे येतो.

चौथा, हाताने वेचायच्या. कष्टाचं काम.

पाचवा, काहीच करायचं नाही. हे म्हणणारी एकच, झुऑलॉजी शिकणारी गावातली मुलगी, सुट्टीला आलेली. तिचं म्हणणं की टेकडीवर लिली आहे तर लिली खाणारं पण कोणीतरी असणारच, त्यात बिघडलं काय. लोकांनी तिचं ऐकून घेतलं पण मान्य कोणी केलं नाही, आणि खरं सांगायचं तर ज्या बायकांनी उन्हात बसून ते गड्डे लावले होते त्यांना "खाऊ दे" म्हणून सांगणं सोपं नव्हतंच.

पहिला निर्णय: नाव कळेपर्यंत थांबायचं का?

या प्रकरणात हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा रेंगाळतो इथे.

फोटो पाठवून कोणाकडून तरी नाव काढून घ्यायचं असं आधी ठरत होतं. पण अळीवरून पतंग ओळखणं अवघड असतं, खात्री करायची तर पतंग बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं आणि त्याला काही आठवडे जातात. तेवढा वेळ कोणाकडे नव्हता. सरपंच वहिनींनी त्यावर फार नेमका प्रश्न विचारला: आपल्याला हिचं नाव हवंय की ही भात खाते का ते हवंय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर एका रात्रीत मिळू शकत होतं.

मग लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या आणल्या, धुतल्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलं. एका बरणीत भाताची कोवळी ताटं, एकीत मर्यादवेलीची पानं, एकीत परसातल्या रताळ्याच्या वेलाची पानं, एकीत नागदवणी. प्रत्येकीत साधारण सारख्याच आकाराच्या अळ्या सोडल्या आणि बरण्या तात्यांच्याच ओटीवर ठेवल्या, म्हणजे नंतर कोणी शंका काढायला नको. सकाळी नागदवणीच्या बरणीत पानाच्या कडा गायब आणि तळाला ओली काळपट विष्ठा. बाकी तीनही बरण्यांत अळ्या पानं सोडून वर कापडाला चिकटून फिरत होत्या, भाताच्या पातीला एक चावा नाही. तात्या म्हणाले, आजारी असतील म्हणून खात नसतील. शंका रास्त होती. मग भाताच्या बरणीतल्या त्याच अळ्या उचलून नागदवणीच्या पानावर ठेवल्या, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या खायला लागल्या. भुकेल्या होत्या, धडधाकट होत्या, फक्त भात त्यांच्या कामाचं नव्हतं. तात्या बराच वेळ बरणी हातात धरून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "भात खायना ही. मगे ऱ्हवांदे सध्या."

कृषी सहाय्यकांना पण बोलावलं होतं, ते दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी अमेरिकन लष्करी अळीची खूण समजावून सांगितली, डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट रेघ आणि शेपटीकडे चौकोनात बसवलेले चार ठळक काळे ठिपके. आमच्या अळीला दोन्ही नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून ज्याने त्याने स्वतः बघितलं. ग्रुपवर मग दोन्ही अळ्यांचे फोटो शेजारी-शेजारी टाकले, आणि पहिल्या मेसेजने जेवढं घाबरवलं होतं तेवढं त्या दोन फोटोंनी बऱ्यापैकी निवळलं.

दुसरा निर्णय: मारायच्या का, आणि किती

भाताचा धोका नाही हे कळल्यावर प्रश्न संपला असं नाही, लिली तर जातच होती.

इथे फवारणीच्या विरोधात आणखी एक मुद्दा निघाला, आणि माझ्या मते व्यवहारात तोच सगळ्यात भारी होता. ही अळी लहान असताना पानाच्या दोन सालींच्या मधे राहते, मोठी झाली की बुडाशी उतरून गड्ड्यात घुसते, आणि कोष करायला वाळूत जाते. म्हणजे वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचायला फार थोडा काळ मिळतो. पाणी बिघडलं असतं आणि अळ्या बऱ्याचशा वाचल्या असत्या.

आणि मर्यादवेलीचा मुद्दा. तिच्यावर मोठ्या, जाडजूड, शेपटीला शिंग असलेल्या अळ्या असतात, त्या अ‍ॅग्रियस कन्व्हॉल्व्युली नावाच्या भुंग्यासारख्या उडणाऱ्या पतंगाच्या. रताळ्याच्या वेलावर पण याच सापडतात, गावातल्या प्रत्येकाने बघितलेल्या. या पतंगाची सोंड त्याच्या अंगापेक्षा लांब असते. नागदवणीचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वास सोडतं, नळी लांब आणि मध पार खाली, तिथवर पोचणारे ते असे लांब सोंडेचेच पतंग. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर वाळूतली जी लिली असते, पँक्रॅटियम, तिच्या परागीकरणावर अभ्यास झालाय आणि तिथे हाच अ‍ॅग्रियस ते काम करतो, तेही वारा पडलेला असेल तेव्हाच. म्हणजे बीटी मारलं असतं तर लिली खाणारी अळी मारता मारता लिलीला बी धरायला मदत करणारा पण मारला असता. हे झुऑलॉजीवाल्या मुलीने समजावून सांगितलं आणि यावेळी मात्र लोकांनी मान डोलावली.

शेवटी ठरलं ते असं की टेकडीचे दोन भाग धरायचे. वाटेच्या दोन्ही अंगांच्या ओळी वेचून साफ करायच्या, कारण त्या माणसांनी लावलेल्या, तिथे गर्दी होती आणि नुकसानही जास्त होतं. समुद्राकडच्या जुन्या रानटी झुडुपांना मात्र हात लावायचा नाही, तिथे अळी असो वा नसो. यावर सगळे खूश नव्हते. एकजण म्हणाला तिकडे ठेवल्या तर परत इकडे येणारच, आणि त्याचं खरंच आहे. पण तिकडच्या झुडुपांवर अळ्या बऱ्याच कमी होत्या आणि झुडुपं ठणठणीत होती हे सगळ्यांनी जाऊन बघितलं होतं.

प्रत्यक्ष काय केलं

वेचणी संध्याकाळी, कारण दिवसा उन्हात अळ्या पानांच्या बेचक्यात आणि बुडाशी दडतात. हातात मोजे, कारण नागदवणीच्या चिकाने हात खाजतात. जोडीजोडीने काम. एकीने पानामागे टॉर्च धरायचा आणि दुसरीने समोरून बघायचं. टॉर्चच्या उजेडात पान हिरवट पिवळं उजळतं आणि दोन सालींच्या मधल्या बारक्या अळ्या काळ्या सावल्यांसारख्या ओळीने दिसतात, काही हलत असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बायका काम विसरून बघत बसल्या होत्या. ज्या पानात अशा सावल्या, ते पान तिथेच कापायचं. बाहेरच्या मोठ्या अळ्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत. पानाच्या मागच्या बाजूला अंड्यांचे पुंजके असतात, तो तुकडा कापला की एका झटक्यात कितीतरी अळ्या कमी.

कापलेली पानं सुरुवातीला तिथेच वाळूवर टाकली जात होती. दुसऱ्या संध्याकाळी लक्षात आलं की अळ्या त्यातून निघून शेजारच्या गड्ड्याकडे चालल्यात, मग गोणपाटात भरून लांब नेऊन पुरायला लागलो.

कुजलेले गड्डे उकरायचे की नाही यावर पण वाद झाला. ज्यांना वास येत होता आणि जे बोटाने दाबल्यावर मऊ लागत होते तेवढेच काढले, बाकीचे पानं बुडापर्यंत कापून तसेच ठेवले.

उजेडाचा विषय आमच्या यादीत नव्हताच, तो वेचताना समोर आला. वाटेच्या वरच्या टोकाला एका होमस्टेचा मोठा पांढरा फ्लडलाईट आहे, रात्रभर चालू. सगळ्यात जास्त खाल्लेली लिली त्याच खांबाच्या आसपास होती. पतंग उजेडाकडे ओढले जातात हे तर सगळ्यांना माहीत आहे, पण माद्यांनी त्यामुळेच तिथे अंडी घातली असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही, तिथली लागवडही दाट होती. तरी समितीने होमस्टेवाल्यांशी बोलायचं ठरवलं, आणि बोलताना पतंगांपेक्षा कासवांचं कारण पुढे केलं. ऑलिव्ह रिडले इथे थंडीत अंडी घालायला येतात आणि पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने जातात, पुळणीवर दिवा असला की समुद्राऐवजी गावाकडे वळतात. कासव म्हटलं की पर्यटक, हे त्यांना लगेच कळतं. त्यांनी दिव्याचं तोंड खाली केलं आणि रात्री दहानंतर बंद करायचं कबूल केलं. गणपतीत पाहुणे आले तेव्हा मात्र दिवा परत रात्रभर चालू होता, नंतर बंद झाला. असं कमी-जास्त होत राहतंय.

काय निष्पन्न झालं

गणपतीला वाट काही सुंदर दिसत नव्हती, बुडापर्यंत कापलेल्या खुंटांची ओळ होती. चाकरमान्यांनी विचारलं की काय झालं, तर काकींनी गोणपाटावर एक मोठा कागद चिकटवून त्यावर अळीचा फोटो आणि "फवारलेलं नाही, हात लावायला हरकत नाही, चीक लागला तर हात धुवा" असं लिहून लावलं. पोरांची तिथे सतत गर्दी.

सप्टेंबरात पाऊस परत आला आणि ऑक्टोबर संपता संपता बहुतेक गड्ड्यांना नवी पानं फुटली. गेले ते मुख्यतः लहान, नुकतेच लावलेले, आणि पाणी साचणाऱ्या खोलगट जागेतले. समुद्राकडच्या रानटी झुडुपांना फारसं काही झालं नाही.

एका बरणीत ओली वाळू घालून काही अळ्या ठेवल्या होत्या, त्या खाली जाऊन लालसर तपकिरी कोष झाल्या आणि गणपतीनंतर त्यातून पतंग आले. अळी एवढी नटवी आणि पतंग अगदी साधा, पुढचे पंख काळपट तपकिरी, मागचे पांढरे. फोटो पतंगांचा अभ्यास करणाऱ्या एकांना पाठवले आणि नाव आलं, ब्रिथिस क्रिनाय. फॅब्रिसियसने १७७५ साली वर्णन केलेला पतंग, भूमध्य समुद्रापासून आफ्रिका, आशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला. युरोपात तो किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतच राहतो, त्या पँक्रॅटियम लिलीवर. आपल्याकडे नागदवणी, स्पायडर लिली, बागेतल्या अमॅरिलिस अशा त्याच कुळातल्या झाडांवर. या झाडांत लायकोरीनसारखी विषारी द्रव्यं असतात, म्हणून तर गुरं तोंड लावत नाहीत, आणि ही अळी तेच खाऊन जगते. काळ्यावर पांढरे ठिपके हा तिचा इशारा आहे. साळुंक्या त्या वाटेवर दिवसभर असायच्या, पण त्या घोसांना त्यांनी कधी टोचलेलं आम्ही कोणी बघितलं नाही.

अळीवरून गोंधळ व्हायला आणखी एक कारण होतं. लिलीवरच दुसरा एक पतंग असतो, पॉलिटेला ग्लोरिओसी, तो कळलावीवर पण येतो. त्याची अळी पण काळी-पांढरी, पण अंगावर लाल-नारिंगी ठिपके, आणि पतंग लाल, पिवळ्या, काळ्या नक्षीचा, फार देखणा. गणपतीच्या माटवीसाठी, म्हणजे मूर्तीच्या वर रानफुला-फळांची सजावट टांगतात तिच्यासाठी, कळलावी आणायला गेलेल्या पोरांनी तो पण शोधून आणला, एवढी गावाची नजर तोवर बसली होती.

ऑक्टोबरात दोन-तीन मळ्यांत खरोखरच लोंब्या कुरतडलेल्या सापडल्या आणि ग्रुपवर लगेच "बघा, सांगितलं होतं" सुरू झालं. यावेळी तात्या स्वतः बॅटरी घेऊन रात्री मळ्यात गेले, चुडाच्या बुडातून अळी काढून आणली, मळकट हिरवी, अंगावर लांब उभे पट्टे. ती भातावरची नेहमीची लष्करी अळी. त्यांनीच दोन्ही अळ्या एका ताटात ठेवून फोटो टाकला. त्यानंतर लिलीला कोणी दोष दिला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी लागवड. एकाच झाडाच्या दोन सरळ, दाट ओळी सुंदर दिसतात, पण त्या झाडावर जगणाऱ्या अळीला एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर जायला काहीच अडचण नाही. समुद्राकडच्या झुडुपांमधे मर्यादवेल, केवडा, मोकळी वाळू असं मधे मधे होतं, तिथे नुकसान पसरलं नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मोकळ्या झालेल्या जागी म्हणून लिली न लावता मर्यादवेल आणि मागच्या बाजूला उंडीची झाडं लावली. हे पहिल्याच वर्षी करायला कोणाची हरकत नव्हती, फक्त कोणी सुचवलं नाही.

दुसरं, परसातून आलेले गड्डे. ते लावण्याआधी पानं कापून, बुडं तपासून घ्यायला हवी होती. अळी टेकडीवरच्या रानटी झुडुपांतून वाटेवर आली की परसातल्या गड्ड्यांबरोबर आली, याचं उत्तर आता मिळणार नाही.

तिसरं, पांढुरके पट्टे पहिल्यांदा दिसले तेव्हाच दहा-वीस पानं कापली असती तर कदाचित बादल्या भरायची वेळ आली नसती. पानं करपली असं वाटणं साहजिक होतं, पण पान उजेडाकडे धरून बघायला अर्धा मिनिट लागतं. आता शाळेतली मुलं पावसाळ्यात दर शनिवारी वाटेवर चक्कर मारतात आणि तेवढंच करतात.

चौथा मुद्दा वादाचा आहे आणि अजून मिटलेला नाही. गर्दीच्या दिवसांत गाड्यांसाठी जागा म्हणून जेसीबीने टेकडीचा मागचा उतार सपाट करायचं काहींच्या मनात आहे. कायद्याचं तर आहेच, बावडीच्या पाण्याचं पण आहे. आणि या पतंगाच्या बाजूने बघितलं तर त्याचे कोष त्याच वाळूत असतात, कासवाच्या घरट्यांसारखे ते कोष कुठे दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कोणी कुंपण घालत नाही. मी स्वतः या सपाटीकरणाच्या पूर्ण विरोधात आहे आणि समितीच्या बैठकीत तसं स्पष्ट बोललोय. लोक जैवविविधता नोंदवहीत ब्रिथिसची नोंद जागेसकट आणि बरणीतल्या पतंगाच्या फोटोसकट केली आहे, म्हणजे ग्रामसभेत विषय येईल तेव्हा टेकडी म्हणजे नुसती मोकळी वाळू असं कोणाला म्हणता येणार नाही. सपाटीकरणाचा ठराव पुढच्या ग्रामसभेत यायचा आहे, आणि सभेत त्याच्या विरोधात बोलायचं तात्यांनी कबूल केलंय.